मैदानावरचा अंधार राखू या



आपल्या इंदूर शहरातील हौशी खगोलप्रेमी मंडळी गेली काही वर्षे थंडीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम करतात, हे आपण जाणताच. दुर्बिणी त्यांच्या, वेळ त्यांचा, श्रमही त्यांचे. शाळा फक्त मैदान, सतरंज्या, पिण्याचे पाणी आणि चहा देते. पैसे नाहीत, पास नाही. फाटक उघडे असते आणि ज्याला यायचे तो येतो. या कार्यक्रमावर परिणाम करतील अशा दोन सूचना आता विश्वस्त मंडळापुढे आल्या आहेत. पहिली अशी की, मैदानाच्या चारही कोपऱ्यांत उंच खांबांवर मोठे दिवे लावून ते रात्रभर चालू ठेवावेत. दुसरी अशी की, आकाशदर्शन केवळ आपल्या विद्यार्थ्यांपुरते ठेवावे, बाहेरच्यांना त्यात घेऊ नये. दोन्ही सूचनांमागे शाळेची काळजीच आहे, यात शंका नाही. तरी माझे मत वेगळे आहे, आणि बैठकीपूर्वी ते सर्वांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

प्रथम, या कार्यक्रमातून मुलांना काय मिळते ते पाहू. नोव्हेंबर २०२५ च्या कार्यक्रमात शनी हा मुख्य पाहुणा होता. पाठ्यपुस्तकातला शनी सर्वांच्या ओळखीचा आहे : मधे गोळा आणि भोवती रुंद कडी. पण ही कडी फार पातळ आहेत. शनी सूर्याभोवती सुमारे साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी घालतो आणि तेवढ्या काळात दोनदा अशी वेळ येते की पृथ्वीवरून ही कडी कडेच्या बाजूने दिसतात, जशी डोळ्यांसमोर आडवी धरलेली थाळी दिसावी. २०२५ हे तसे वर्ष होते. म्हणून दुर्बिणीत दिसला तो एक छोटा पिवळसर गोळा आणि त्याच्यातून आरपार गेलेली केसासारखी रेघ. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी सहावीच्या वर्गाला पाहिलेल्या शनीचे चित्र काढायला सांगितले. बहुतेकांनी पुस्तकातला शनी काढला, रुंद कड्यांचा, छान रंगवलेला. चार-पाच मुलांनी तेवढी रेघ काढली. त्यांतल्या एकीने खाली लिहिले होते, “कडे दिसले नाही, रेघ दिसली.” वर्गात हशा पिकला. बाईंनी तीच वही सर्वांना दाखवली आणि सांगितले की, पाहिले तसे हिने काढले आहे.

आपण वर्षभर मुलांकडून पुस्तकातले उत्तर मागतो आणि तेच लिहिले की गुण देतो. ते आवश्यकही आहे. पण आपल्या डोळ्यांना जे दिसले ते पुस्तकाहून वेगळे असले तरी धीटपणे सांगणे, ही विज्ञानाची पहिली पायरी आहे, आणि ती वर्गात बाकावर बसून चढता येत नाही. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूजवळ चार ठिपके पाहिले आणि रात्रीमागून रात्री त्यांच्या जागा टिपून ठेवल्या. ते ठिपके गुरूभोवती फिरतात हे त्या नोंदींवरून त्याच्या ध्यानात आले. ते चार उपग्रह मंडळाच्या साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. मुलाने आज पाहिले आणि उद्या पुन्हा पाहिले, तर जागा बदललेल्या त्याच्या त्यालाच कळतात. आणि सहावीतली ही मुले महाविद्यालयात जातील तेव्हा, २०३२ च्या सुमारास, शनीची कडी पुन्हा रुंद दिसतील. आज रेघ पाहिलेल्या मुलाला त्या दिवशी जे कळेल, ते आज आपण कितीही सांगितले तरी कळणार नाही.

आता दुसऱ्या सूचनेकडे वळते. बाहेरच्यांना का घ्यावे? या प्रकारच्या कार्यक्रमाचे मूळ पाहिले तर उत्तर सापडते. जॉन डॉब्सन (१९१५-२०१४) हे अमेरिकन गृहस्थ १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. मठात पैसा नव्हता. त्यांनी जहाजाच्या खिडकीची टाकाऊ जाड काच हाताने घासून आरसा तयार केला, पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी खोका जोडून दुर्बीण उभी केली आणि ती ढकलत नेऊन लोकांना आकाश दाखवू लागले. या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले. त्यांच्या पद्धतीची दुर्बीण आज जगभरचे हौशी लोक घरी बनवतात. आपल्या मैदानावर लाकडी खोक्यात बसवलेली जी मोठी नळी येते, ती याच जातीची. जी वस्तू रस्त्यावरच्या माणसासाठी जन्माला आली, तिच्याभोवती आपण कुंपण कशासाठी घालावे?

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. हौशी लोकांनी आकाश पाहावे आणि इतरांना दाखवावे, हे काम ती तेव्हापासून करीत आहे. आपल्या माळव्यात तर उज्जैन हाकेच्या अंतरावर. तेथील वेधशाळा अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी बांधली, आणि पडझड झालेली ती वास्तू १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून पुन्हा कामाला लावली. तिचे अधीक्षकपद गोविंद सदाशिव आपटे यांनी सांभाळले. म्हणजे आकाश पाहणे आणि दाखवणे हे येथे येऊन वसलेल्या मराठी माणसांनी पूर्वीच केलेले काम आहे, आणि ते साऱ्या माळव्यासाठी केलेले आहे.

काही पालकांची शंका भाषेची आहे. बाहेरचे लोक आले की सगळे हिंदीतून चालते, मग मराठी शाळेच्या कार्यक्रमात मराठी कुठे राहते, असे ते म्हणतात. शंका रास्त आहे, पण माझा अनुभव उलटा आहे. माझे स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पुस्तकात मी ‘लुब्धक’ वाचला आणि घरी आजीकडून ‘व्याध’ ऐकला. ‘बृहस्पति’ म्हणजेच आपला ‘गुरू’. मैदानावर दोन्ही नावे एका ताऱ्याला चिकटतात तेव्हा दोन्ही पक्की होतात. गेल्या थंडीत शेजारच्या कॉलनीतल्या एका माळवी आजोबांनी मृग नक्षत्रावरून पेरणीच्या गोष्टी सांगितल्या. लगेच आपल्या एका विद्यार्थ्याच्या आजींनी मृगाच्या पोटातला बाण आणि तो मारणारा व्याध बोटाने दाखवला. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती अरुंधती खरोखर कुठे आहे, हे पुष्कळ आयांनी आपल्या मैदानावरच प्रथम पाहिले. मराठी शब्द कुलुपात ठेवून जगत नाहीत, वापरून जगतात.

येथे डॉ. जयंत नारळीकरांची आठवण येते. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, पण ते वाढले बनारसमध्ये. शाळा हिंदी माध्यमाची आणि घरची भाषा मराठी. पुढे ते केंब्रिजला गेले, जगन्मान्य शास्त्रज्ञ झाले आणि विज्ञानकथा लिहिल्या त्या मराठीतून. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी याहून चांगले उदाहरण कोणते?

आता दिव्यांकडे. सुरक्षेसाठी दिवे हवेत, हे मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न किती, कोणत्या दिशेने आणि कोणत्या वेळी, एवढाच आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सामान्य नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात आपापल्या गावातून किती अंधुक तारे दिसतात ते पाहून पाठवलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता. यातल्या बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या. निष्कर्ष असा की, रात्रीच्या आकाशातला उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत गेला. या गतीने, बाळ जन्मले तेव्हा जिथे २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत जेमतेम १०० उरतात. आपल्या शेजारी पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राकडील भागाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक मूल पेंचला जाऊ शकत नाही. शाळेच्या मैदानावर मात्र येऊ शकते.

इंदूरच्या माणसाला हे समजावणे कठीण पडू नये. २०१७ पासून आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले आणि पुढे वर्षानुवर्षे ते स्थान टिकवले. घरातला कचरा रस्त्यावर टाकायचा नाही, हे आपल्या पहिलीतल्या मुलालाही ठाऊक आहे. जो उजेड जमिनीवर न पडता आकाशात जातो, तोही एक प्रकारचा कचराच. त्याचे वीजबिल आपण भरतो आणि त्या बदल्यात तारे गमावतो. खांब कमी उंचीचे असावेत, दिव्यांना वरून झाकण असावे, उजेड खाली पडावा आणि बटण शाळेच्या हातात असावे. इतके केले तर पहारेकऱ्यालाही नीट दिसते आणि मैदानही मैदान राहते.

रात्रीच्या वेळेबद्दलही पालक विचारतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला आपण मुलांना रात्रभर खांद्यावर घेऊन उभे राहतो आणि सराफ्यात रात्री अकराला गराडू खायला नेतो. त्या मानाने साडेसहाला सुरू होऊन नऊला संपणारा कार्यक्रम फार उशिराचा नाही. मुलींच्या सुरक्षेची काळजी मात्र खरी आहे आणि तिची व्यवस्था काटेकोर हवी. फाटकावर दोन शिक्षिका असाव्यात, येणाऱ्या प्रत्येकाचे नाव नोंदवावे, पालक आल्याशिवाय कोणत्याही मुलीला सोडू नये, आणि फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जमिनीलगत लाल कागद लावलेले मंद दिवे असावेत. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. एरवी डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलचा एक झगझगीत झोत ती सगळी मेहनत घालवतो.

ग्रहणाविषयी थोडे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले तेव्हा अनेक घरांत मुलांना बाहेर येऊ दिले नाही. ग्रहण पाळणे हा ज्याच्या त्याच्या घरचा विषय आहे, त्यात शाळा पडणार नाही. पण चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने डोळ्यांना काहीही होत नाही, एवढे शाळेने सांगितलेच पाहिजे. सूर्याकडे मात्र योग्य गाळणीशिवाय कधीही पाहू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत जातो आणि सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, हे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथातच लिहून ठेवले आहे. मग पाहायला भीती कशाची?

माझे म्हणणे थोडक्यात असे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून एक, अशा वर्षातून चारच संध्याकाळी मैदानाचे सर्व दिवे बंद ठेवावेत. तारीख शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासची घ्यावी. पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्या नसतात, अष्टमीच्या चंद्रावर मात्र खड्ड्यांच्या काठांच्या लांब सावल्या स्पष्ट दिसतात. शिवाय भिंतीवरचे कॅलेंडर पाहून पुढची तारीख कोणती असेल, हे मुले स्वतः सांगू शकतील. दहावी-बारावीच्या मुलांनी फेब्रुवारीत घरी अभ्यास करावा, तारे पुढच्या वर्षीही तेथेच असतील. आणि फाटक पूर्वीप्रमाणे सर्वांसाठी उघडे असावे, शेजारच्या कॉलनीसाठी, समोरच्या दुकानदारासाठी आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासाठीही.

व्याधाचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तेथून सुमारे साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला आहे. म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलाच्या जन्माच्या सुमारास तो वाटेला लागला. इतक्या दुरून आलेल्या पाहुण्याला मैदानावर उतरायला आपण जागा द्यायची आहे, आणि त्यासाठी चार संध्याकाळी केवळ एक बटण दाबायचे आहे. विश्वस्त मंडळाने याचा विचार करावा, ही नम्र विनंती. पालकांनी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, बैठकीपूर्वी लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे.

— प्राचार्या