परदेशी विद्येची शिदोरी

उच्च शिक्षणासाठी परदेशी जावे, ही आकांक्षा आज मुंबईतील अनेक कुटुंबांत दिसून येते. गिरगावातील चाळ असो, दादरमधील जुनी इमारत असो, की परळ-लालबागमधील गिरणी कामगाराचे घर असो. मूल शालान्त परीक्षेच्या जवळ आले, की परक्या विद्यापीठांची नावे, प्रवेशाचे नियम, कर्ज आणि शिष्यवृत्ती यांची चर्चा सुरू होते. ही आकांक्षा निंद्य नाही. विद्येला देशाच्या सीमा नसतात. परंतु कोठे जावे, याचा जितका विचार होतो, तितका कशासाठी जावे, याचा होत नाही. काम न ठरवता हत्यार विकत घ्यावे, तसाच हा प्रकार आहे.

या बाबतीत परळमध्येच वाढलेल्या एका विद्यार्थ्याचे चरित्र लक्षात घेण्यासारखे आहे. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव, म्हणजेच पुढे भारतीय संविधानाचे शिल्पकार झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोअर परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. तेथे अभ्यासाला शांतता कोठून मिळणार? म्हणून भीमराव लवकर झोपत आणि वडील रामजी सकपाळ जागे राहत. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवीत व मग स्वतः निजत. परदेशी शिक्षणाची खरी तयारी त्या मिणमिणत्या दिव्यापाशी झाली.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी हेरले. त्यांच्याच प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य मिळाले व एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुरे झाले. पुढे 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे होते.

तेथे त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे अनेक विषय अभ्यासले. वरवर पाहता हे विषय निरनिराळे वाटतात; परंतु आपला समाज दरिद्री व विषम का राहिला, हा एकच प्रश्न त्यांच्या मुळाशी होता. 1915 साली ते एम. ए. झाले. 1916 साली जातिसंस्थेच्या उगमावर त्यांनी तेथे निबंध वाचला. ज्या अन्यायाचे चटके बालपणी सोसले, त्याची कारणे ते शास्त्राच्या साहाय्याने शोधीत होते.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास सुरू झाला. पण 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली व सारे अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान, त्यातील पुस्तकांसह, महायुद्धात त्या जहाजाला पाणतीर लागल्याने समुद्रात गेले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीस गेले, तेव्हा अस्पृश्यतेमुळे तेथे राहायला जागाही मिळेना. येथे दुसरा कोणी खचला असता. परंतु चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून आधीच मिळवली होती. 1918 साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. काटकसर करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते सकाळी जाऊन बसत, ते संध्याकाळपर्यंत वाचत. 1922 साली ते बॅरिस्टर झाले आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. ही पदवी मिळाली. बेत तहकूब झाला होता, मोडला नव्हता.

मात्र अशा विद्येची किंमत केवळ जाणाराच देतो, असे नाही. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत रमाबाईंनी ओढाताणीचा संसार मुकाट्याने सांभाळला. आजही मुलाच्या परदेशगमनासाठी कोणी कर्ज काढतो, कोणी दागिने गहाण ठेवतो. केवळ शेजारचा गेला म्हणून हा भार आईवडिलांवर टाकणे सर्वथा अनुचित होय.

कोणी म्हणेल, आंबेडकर असामान्य होते. सामान्य मुलांनी त्यांच्याशी तुलना का करावी? बुद्धीची तुलना करू नये, हे खरे. परंतु हेतू निश्चित करणे, पैशाचा हिशेब आधी मांडणे, रोज नेमाने वाचणे आणि विघ्न आले तर दुसरी वाट शोधून ठेवणे, यांतील कोणती गोष्ट सामान्य मुलाला अशक्य आहे? आज तर साहाय्याच्या वाटाही अधिक आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेशी शिष्यवृत्ती आहे आणि तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव दिलेले आहे. जो विषय आपल्याच देशात उत्तम शिकता येतो, त्यासाठी दूर न जाण्यातही कमीपणा नाही.

शेवटी विद्येचे मोल ती कोठून आणली यावर ठरत नाही. ती कोणाच्या कामी आली यावर ठरते. बाबासाहेबांनी दादरला बांधलेल्या ‘राजगृह’ या घरात ग्रंथांना मानाचे स्थान होते. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ज्यांना सातासमुद्रापार जाणे शक्य नव्हते, त्यांच्या दारी त्यांनी विद्या आणली. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने सामानाची यादी करण्यापूर्वी, परतताना आपण कोणासाठी काय आणणार आहोत, हे मनाशी ठरवावे. तीच त्याची खरी शिदोरी होय.