रोहिणी निघाली, आराखडा मृगातच

आज रोहिणी निघते. मागल्या वर्षी याच दिवशी, 25 मे 2025 ला, बारामती-इंदापुरात नांगरून तापत पडलेल्या रानांची तळी झाली आणि पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. दुसऱ्या दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. 1950 पासून इतक्या लवकर तो तिथे कधी आला नव्हता.

हा कालवा इंग्रजांनी दुष्काळासाठी काढला. भोरच्या डोंगरात पडलेलं पाणी भाटघर धरणातून कोरड्या मुलखाला द्यायचं, एवढाच हिशेब. भवानीनगरचा छत्रपती कारखाना आणि आसपासचा ऊस त्याच हिशेबावर उभा आहे. इथला पाऊस कालव्याच्या अंगावर येईल, तोही उन्हाळी आवर्तनाच्या महिन्यात, हे कोणाच्या गणितात नव्हतं. म्हणून भवानीनगरच्या नियोजनाला दोन पाऊस वाचता यायला हवेत: भोरचा आणि आपल्या ओढ्याचा.

वाचायला साहित्य नाही असं नाही. राज्याच्या हवामान बदल अनुकूलन आराखड्यासाठी 'टेरी'ने ब्रिटिश हवामान खात्याच्या मदतीने 2030, 2050 आणि 2070 च्या दशकांचे अंदाज 2014 मध्येच मांडले. पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था दक्षिण आशियाचे प्रादेशिक अंदाज सांभाळते. अजैविक ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था तर माळेगावातच आहे. पण या अंदाजांतला 25 किलोमीटरच्या चौकटीतला आकडा ओढ्यापर्यंत आणायचा कोणी? हे अंदाज वाचण्याची प्रशिक्षणं होतात ती बहुधा वरच्या साहेबांची. मोरीचा व्यास ठरवतो शाखा अभियंता. आडसालीच्या लागणीच्या तारखा ठरवतो कारखान्याचा शेतकी विभाग. गावाच्या विकास आराखड्यात गटार कुठून न्यायचं हे लिहितो ग्रामपंचायत अधिकारी. वर्गात आधी यांना बसवा.

शिकवायचं काय? नकाशे रंगवणं नव्हे. असा अंदाज म्हणजे अमुक तारखेला पडणाऱ्या पावसाचं भाकीत नसतं; अनेक शक्यतांचा तो पट्टा असतो, आणि त्यातली कोणती शक्यता धरून बांधकाम करायचं हे आपणच ठरवायचं असतं. नक्षत्राचं वाहन म्हैस की बेडूक हे बघून पेरणीचा अदमास बांधणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन कळतं. अडतो तो कागद, कारण अंदाजपत्रकाच्या रकान्यात एकच आकडा मावतो.

आणि तो आकडा जुन्या पावसाच्या नोंदींवरून येतो. त्या बघितल्या तर हा अवर्षणप्रवण भाग, म्हणून मोरी लहान, खर्च कमी. रस्ता रुंद होतो, भराव उंच होतो, खालची नळी मात्र तीच. परवा भवानीनगरच्या अलीकडे अशाच एका नळीत डोकावलो. तोंडाशी वेडी बाभूळ माजलेली, आत निम्म्यापर्यंत गाळ, गाळात रुतलेली ठिबकची जुनी नळी. पलीकडे एकाने लागणीसाठी सरी सोडायला घेतली होती. पाणी कुठून जातं विचारलं, तर हसून त्याने स्वतःच्याच रानाकडे बोट दाखवलं.