विश्लेषण : रोव्हरने मोजणी झाली, तरी बांधाचा वाद का मिटत नाही?

भूकरमापक आता साखळीऐवजी रोव्हर घेऊन शेतात येतो. पूर्वी दिवसभर चालणारे काम काही तासांत उरकते. तरीही मोजणीनंतर दोन शेजाऱ्यांपैकी एक जण नाराज होऊन घरी जातो, हे चित्र फारसे बदललेले नाही. यंत्र सुधारले, मग अडते कुठे?

रोव्हर नेमके काय करतो?

उपग्रहाचा संदेश वातावरणातून येताना रेंगाळतो. त्यामुळे साध्या मोबाइलच्या जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो. त्यावर उपाय म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने ‘कॉर्स’ ही कायमस्वरूपी स्थानके उभारली आहेत. या स्थानकाची जागा आधीच अचूक ठाऊक असते. उपग्रहाने सांगितलेली जागा आणि खरी जागा यांतला फरक ते सतत काढते आणि इंटरनेटवरून रोव्हरला कळवते. रोव्हर तेवढी दुरुस्ती करून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान देतो. दाट झाडी, उंच इमारती किंवा मोबाइलला रेंज नसलेली दरी असेल, तर मात्र तो अडखळतो. तिथे ‘ईटीएस’ यंत्रच लावावे लागते.

जुने नकाशे कसे तयार झाले?

साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जी पद्धत बसवली, तिचा हेतू शेतसारा ठरवणे हा होता. शेजाऱ्यांमधला हातभर जागेचा वाद सोडवण्यासाठी ते नकाशे केलेलेच नव्हते. पुढे १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गट पडले. कागदावर गट झाले, पण अनेक ठिकाणी वहिवाट जुनीच राहिली.

मग चूक राहते कुठे?

रोव्हर आजची वहिवाट मोजतो. कायदेशीर हद्द मात्र अभिलेखात असते. भूकरमापकाला आजच्या मोजणीवर जुना नकाशा बसवावा लागतो आणि खरी कसोटी इथेच लागते. नकाशा १:५००० प्रमाणाचा असेल, तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. त्यात कागद आकसलेला, घड्यांवर फाटलेला. नकाशा बसवायला पक्क्या खुणा लागतात : हद्दीचे दगड, जुनी विहीर, तीन गावांच्या सीमा मिळतात ती जागा. अनेक दगड नांगरटीत गेले, काही रातोरात सरकले. कोणती खूण धरली यावर हद्द इकडे किंवा तिकडे जाते. सेंटिमीटरची अचूकता इथे कामाला येत नाही. टिपण वाचता येणारा अनुभवी माणूस लागतो.

गावठाणात ड्रोन मोजणी त्यामानाने सुरळीत झाली, त्याचे कारणही हेच. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत बहुतेक गावठाणांच्या घरनिहाय मोजणीची सुरुवातच कोऱ्या पाटीवर होती. जुळवायला जुना नकाशा नव्हता.

रस्ते आणि कालव्यांचे काय?

भूसंपादनात संयुक्त मोजणीवर मोबदला ठरतो. रस्त्याची कडा २०० मीटर लांबीत एका मीटरने सरकली, तर जवळपास दोन गुंठ्यांचा फरक पडतो. विहीर, झाडे, पाइपलाइन त्या दिवशी पंचनाम्यात आली नाही, तर नंतर ती सिद्ध करायला वर्षे जातात.

उंचीचा प्रश्न वेगळाच. उपग्रह जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. महाराष्ट्रात या दोन्हींत कित्येक मीटरचे अंतर आहे. शिवाय रोव्हरची उंची आडव्या स्थानाइतकी अचूक नसते. कालव्याचा उतार पाच हजारास एक असेल, तर किलोमीटरला जेमतेम २० सेंटिमीटर उतार मिळतो. त्यात चार-पाच सेंटिमीटरची चूकही पाणी शेवटच्या शेताआधी तुंबवू शकते. म्हणून अशा कामांत अभियंते आजही बेंचमार्कपासून लेव्हल यंत्राने तलांक घेतात. ते जुनाट वाटले तरी योग्यच आहे.

मोजणी मान्य नसेल तर?

मोजणीची नोटीस आल्यावर हजर राहणे आणि हरकत त्याच वेळी लेखी नोंदवणे महत्त्वाचे. नंतर ‘क’ प्रत मागून घ्यावी. फोनवरच्या नकाशात बांध पाहून मोजणी चुकली असे ठरवू नये. फोनचाच फरक बांधापेक्षा मोठा असतो. समाधान नसेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत निमताना मोजणी आणि त्यानंतर सुपर निमताना मोजणी मागता येते. भूकरमापक हद्द दाखवतो. शेजाऱ्याच्या ताब्यातली जमीन परत मिळवण्यासाठी वेगळी कायदेशीर दाद मागावी लागते.