प्लॅटिनमचे काम लोखंडाकडे

महागड्या वस्तूचे काम स्वस्त वस्तूने भागले, की गृहस्थाला जो आनंद होतो, तोच रसायनशास्त्रज्ञालाही होतो. आज अशाच एका आनंदाची हकीकत सांगतो. शेवटी थोडी हिशेबाची कटकट आहे, तेवढी सोसून घ्या.

हायड्रोजन, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतला उद्‌जन, हा वायू मोठा गुणी. जळला की त्याचे पाणी होते. वजनास वजन घेतले तर पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता देतो. पण सांभाळायला महाकठीण! एक किलो हायड्रोजन मोकळा सोडला तर सुमारे १२,००० लिटर जागा अडवतो. मोटारीच्या टाकीत तो हवेच्या ७०० पट दाबाने कोंबावा लागतो. द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती काढली: त्याला एखाद्या चूर्णात बांधून ठेवावे आणि लागेल तेव्हा सोडवावे.

अमोनिया बोरेन हे असेच एक पांढरे चूर्ण. अमेरिकेत शोअर आणि पॅरी यांनी १९५५ साली ते प्रथम तयार केले. त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा हायड्रोजन असतो. पाण्यात विरघळवले तरी ते स्वस्थ असते. पण योग्य धातूची चिमूटभर पूड पडली की बुडबुड्यांची झुंबड उडते. ३१ ग्रॅम चूर्णातून ६ ग्रॅम, म्हणजे सुमारे ७० लिटर हायड्रोजन निघतो. त्यातला निम्मा चूर्णाचा, निम्मा पाण्याचा.

ही पूड म्हणजे उत्प्रेरक. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा तो दोन्ही पक्षांना एकत्र आणतो आणि स्वतः होता तसाच राहतो. या कामात प्लॅटिनम पटाईत, पण त्याचा भाव सराफालाच विचारावा. स्वस्त मध्यस्थाचा शोध तसा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोला श्लेसिंगर आणि त्यांचे शिष्य हर्बर्ट ब्राऊन यांनी सोडियम बोरोहायड्राइड या भावंडावर कोबाल्टचा क्षार वापरून भराभर हायड्रोजन काढला होता. पुढे २००६ साली जपानमध्ये शू आणि चंद्रा यांनी अमोनिया बोरेनसाठी कोबाल्ट आणि निकेल चालतात असे दाखवले. २००८ साली तर शू यांच्या प्रयोगशाळेतच लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांनी प्लॅटिनमच्या तोडीचे काम केले!

यात सूक्ष्मपणाचे महत्त्व फार. सारा व्यवहार धातूच्या पृष्ठभागावर होतो. पोटातले अणू नुसते बसून असतात. एका सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले (मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे नॅनोमीटर), तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. ५०० चौरस फुटांचे बारा ब्लॉक सहज मावतील! मात्र हे कण रव्याच्या गुठळ्यांसारखे एकमेकांना चिकटतात आणि कमावलेला पृष्ठभाग गमावतात. म्हणून त्यांना कोळशाच्या किंवा ॲल्युमिनाच्या पुडीवर बसवतात. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांचा आणखी एक फायदा असा की, काम झाल्यावर त्यांना लोहचुंबकाने गोळा करता येते.

हे सारे मी घरी रंगवून सांगितले, तेव्हा हिने विचारले, “चिमटीचे पैसे वाचले, पण रिकामा डबा पुन्हा भरायला किती पडतात?”

खरी मेख तीच आहे. हायड्रोजन निघून गेला की मागे टाकणखाराच्या कुळातला बोरेट उरतो. त्याचे पुन्हा मूळ चूर्ण करायला, त्यातून मिळालेल्या शक्तीपेक्षा बरीच अधिक शक्ती खर्ची पडते. याही कारणास्तव, मोटारीतल्या मोटारीत सोडियम बोरोहायड्राइडपासून हायड्रोजन काढण्याच्या योजनेवर अमेरिकन ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांनी २००७ साली ‘पुढे जाऊ नये’ असा शेरा मारला. जिथे हलके वजन मोलाचे आणि खर्च गौण, अशा लहान उपकरणांना या चूर्णांचा उपयोग आहे. घरच्या मोटारीला अद्याप नाही.

तेव्हा लोखंडाचे कौतुक जरूर करावे. पण उद्या कोणी “पाण्यावर चालणारी गाडी” दाखवून भागभांडवल मागायला आला, तर त्याला चहा द्यावा आणि विचारावे, “पाण्यात कोणते चूर्ण टाकता आणि उरलेल्याचे पुढे काय करता?” उत्तर मिळेपर्यंत चेकबुक कपाटातच असू द्यावे.