ताई अजून माहेरीच

ज्या डब्यावर ‘लाइफटाइम’ हा शब्द छापलेला असेल, तो डबा विकत घेणाऱ्याला बँकेने कर्ज देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी स्वखर्चाने बनवलेलं आहे.

ताईचं लग्न १९९४चं. २००७ साली त्याची कॅसेट डीव्हीडीवर घ्यायचं ठरलं. त्यासाठी रायटर हवा, म्हणून लॅमिंग्टन रोडवर मी तीन अर्धे शनिवार घालवले. सोळापट वेगाचा की अठरापट? तबकडी ‘वजा आर’ की ‘अधिक आर’? वजा १९९७ची, अधिक २००२ची; भांडल्या कंपन्या, आणि निस्तरायचं आम्ही! बी.कॉम. माणूस वजाला हात कसा लावणार? अधिक घेतली. रायटर दोन्ही लिहितो हे घरी आल्यावर कळलं.

रायटरवर दीड हजार घातले. तबकड्या मात्र घासाघीस करून सर्वांत स्वस्त! डब्यावर ४.७ जीबी, संगणकात ४.३८. कारखानदार म्हणे हजाराने मोजतो, संगणक १०२४ने. आमच्या कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तर खिशातून भरावे लागतात. इथे मुद्दलातच तूट, आणि सही कुणाचीच नाही.

अहो, रायटर हा नुसता कारकून. लिहून मोकळा होतो. टिकायचं असतं कागदाने. तबकडीत सेंद्रिय रंगाचा एक थर असतो, लेसर त्यावर खुणा उमटवतो. तेच आपलं लग्न. रंग हलका निघाला, ऊन किंवा दमट हवा लागली, की खुणा पुसट. मी पाहिला फक्त वेग. सोळापट! सहा मिनिटांत लग्न उरकलं. ‘पडताळणी करू का?’ असं यंत्र विचारत होतं. दिवसभर लोकांच्या सह्या पडताळणाऱ्या मी त्याला ‘नको’ म्हटलं आणि कॅसेट भंगारवाल्याला दिली.

गेल्या दिवाळीत ताई आली, म्हणून तबकडी लावली. मंगलाष्टकं नीट झाली. पंगतीत जिलबी वाढताना चित्राचे चौकोन झाले आणि थांबलं. तबकडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि बहुधा कडेकडून बिघडते. कडेला होती पाठवणी. त्यात आई ओरडून सांगते, “पोचल्याचं पत्र टाक गं!” आई २०११ साली गेली. तिचा तेवढाच आवाज घरात होता.

“म्हणजे मी अजून माहेरीच,” ताई हसत म्हणाली. मग चहा टाकायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हा बंधूंनो, रायटर कुठलाही घ्या. पैसे तबकडीवर घाला, चौपट-आठपट वेगाने लिहा, पडताळा. दुसरी प्रत वेगळ्या कंपनीच्या तबकडीवर, तीही दुसऱ्याच्या घरी, तिसरी हार्डडिस्कवर. हे लवकर करा, कारण घरी लिहायच्या ब्लू-रे तबकड्या बनवणं सोनीनेसुद्धा फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवलं. आणि मूळ कॅसेट विकणाऱ्याला घरात घेऊ नका.

ताईच्या सासरी माळ्यावर एक कॅसेट सापडली आहे. बुरशी थोडीच आहे. पण व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी फुनाई कंपनी २०१६मध्येच थांबली. कुणाकडे चालू व्हीसीआर असेल तर एका रविवारपुरता द्यावा. डिपॉझिट रोख भरीन, पावतीही मागणार नाही.