वाकडे दात, सरळ प्रश्न

मुलाचे दात वेडेवाकडे आले, तर ‘मोठेपणी होतील सरळ’ असे म्हणून तो विषय बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलगी असली की तोच विषय लग्नाच्या बोलण्यांपर्यंत तहकूब होतो आणि मग घाईघाईने डॉक्टर गाठला जातो. दोहोंच्या मुळाशी एकच समज आहे : दात सरळ करणे ही निव्वळ चैन होय. हा समज सोडावयास हवा. दाटीने उगवलेल्या दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही. तेथे घाण साचते, हिरड्या सुजतात. फार पुढे आलेले दात पडझडीत लवकर तुटतात. आणि हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलाची व्यथा कोणत्या शिक्षकाने पाहिलेली नाही?

अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये या व्यंगांचे वर्गीकरण मांडले. दाताला सौम्य पण सतत दाब दिला की तो ज्या बाजूस सरकतो तेथील हाड झिजते आणि मागे नवे हाड भरते. साऱ्या उपचारांचा पाया हाच. दातांवर धातूचे ब्रॅकेट चिकटवून त्यांतून तार ओवणे ही जुनी, भरवशाची आणि तुलनेने स्वस्त पद्धत. सिरॅमिकचे ब्रॅकेट कमी दिसतात, पण महाग व ठिसूळ असतात. जिभेच्या बाजूने बसविलेल्या तारा बाहेरून दिसत नाहीत. त्यांना कौशल्य व पैसा अधिक लागतो. काढघाल करता येणारे पारदर्शक अलाइनर दिवसाचे वीस-बावीस तास घातले तरच उपयोगी पडतात. जबड्याच्या वाढीला वळण देणे मात्र वाढत्या वयातच शक्य असते. म्हणूनच सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करावी, असे अमेरिकेतील तज्ज्ञांची संघटना सांगते.

यांपैकी काय निवडावे, हे जाहिरातीने नव्हे, निदानाने ठरले पाहिजे. घरपोच अलाइनर पाठविणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्या उपचारावरील ग्राहक वाऱ्यावर सुटले. हिरड्या व हाडांची तपासणी न करता दात हलविणे धोक्याचे असते, आणि उपचार संपल्यावर रिटेनर न वापरल्यास दात पुन्हा जागा सोडतात. तज्ज्ञाची देखरेख म्हणूनच अपरिहार्य आहे.

पण ही देखरेख मिळते कोणाला? मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. उपचार मात्र दीड-दोन वर्षे चालतो आणि त्या काळात वारंवार फेऱ्या कराव्या लागतात. गडचिरोलीच्या मुलाला प्रत्येक वेळी नागपूर गाठायचे, तर उपचाराच्या दरापेक्षा एसटीचे भाडे आणि बापाची बुडालेली मजुरीच जड होते. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण येथे निराळ्याच अर्थाने खरी ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये झाला. त्यातील दंततपासणीने किडीबरोबरच दातांच्या ठेवणीचीही नोंद घ्यावी आणि जिल्हा रुग्णालयांत महिन्यातील ठरावीक दिवशी दंतव्यंगोपचार तज्ज्ञ उपलब्ध असावा. मागणी मोठी नाही. मुलाने मोकळेपणी हसावे, यासाठी त्याच्या बापाचा पगार विचारला जाऊ नये, एवढेच तिचे तात्पर्य आहे.