भेंडीचे दहा रुपये

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे आमच्या घरचा सणच. आई दोन कापडी पिशव्या घेऊन सकाळीच निघायची. जूनच्या पहिल्या पावसाला आठ-दहा दिवस झाले की तिची नजर तायकिळा शोधायची. देशावर ज्याला टाकळा म्हणतात तोच. फणसाच्या आठळ्या आणि ओलं खोबरं घालून केलेली ती भाजी वर्षातून एकदा तरी पोटात गेलीच पाहिजे, हा घरचा कायदा. मग यायची फागलां, म्हणजे करटोली. पाठोपाठ सात शिरांची लांब भेंडी, आणि चवथीच्या तोंडावर दोडकी, काकडी, चिबूड. भातकापणी झाली की वायंगणातली तांबडी भाजी आणि मुळा. कॅलेंडर न बघता महिना कळायचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नेहमीच्या मावशीकडे सात शिरांची भेंडी होती. मी शहाणपणाने विचारलं, "ऑर्गेनिक मगे ही?" ती हसली. "बाये, गोठ्यांतलें शेण आनी चुलींतलो गोबर. आनीक कितें घालूं?" (गोबर म्हणजे आमच्याकडे राख.) एवढं ऐकूनही मी दहा रुपये कमी करून घेतले. त्याच संध्याकाळी एका दुकानात 'ऑर्गेनिक' छापलेलं भेंडीचं पाकीट दुप्पट भावाने घेतलं, तोंडातून शब्द न काढता. भेंडी साधी, पाच शिरांची. कुठल्या गावची, ते पाकिटावर नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मावशी दिसली नाही. शेजारी बसणारी म्हणाली, गुडघे चालत नाहीत, सून नोकरीला लागली, मळा पडीक आहे. माझ्या दहा रुपयांनी तो पडीक झाला असं नाही. पण सुनेने तो का धरला नाही, याचं थोडं उत्तर त्या दहा रुपयांत आहे.

गावठी म्हणजे बिनविषारी, असं मी म्हणत नाही. इथेही फवारणी करणारे आहेत. आणि शिक्क्याचा उपयोग होतो, हेही खरं. काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण टोपलीभर भाजी विकणाऱ्या बाईने शिक्का कुठून आणायचा? तिला आपणच विचारायचं, मळा कुठे, खत कुठलं, बी घरचं का? उत्तर पटलं तर सांगेल तो भाव द्यायचा.

आमची रोजची भाजी बरीचशी बेळगावहून येते. त्याबद्दल तक्रार नाही, त्या शेतकऱ्यांनी आमचं ताट भरलंय. पण घाट बंद पडला की इथले भाव चढतात. आणि सात शिरांच्या भेंडीचं बी काही ट्रकमधून येत नाही. ते अशाच एखादीच्या घरात, पुढच्या पावसासाठी राखून ठेवलेलं असतं. तिने पेरणं सोडलं की ते बीही गेलं.

म्हणून आता मी घासाघीस सोडली आहे. मावशीची जागा मात्र अजून रिकामीच दिसते.

तुमच्या गावच्या बाजारातून कुठली भाजी नाहीशी झाली? आणि ती विकणारी बाई आठवते का?